कानात सांगितलेलं नाव

वाटूर, ता. ९ ऑगस्ट १९३४

प्रिय हुल्दाअक्कास धाकट्या भावाचा सलाम.

पत्राला उशीर झाला, रागावू नको. तू रागावणारच हे ठाऊक आहे, तरी लिहायची रीत म्हणून लिहिलं. मिशनची शाळा बरी चालली आहे. पटावर पोरं पुष्कळ, पण खुरपणीच्या दिवसांत निंबाखाली मी आणि फळा असे दोघंच उरतो. रविवारी उपासनेला चार घरं जमतात, पाचवं आमचं.

मुख्य बातमी ही की सगुणाला पुन्हा दिवस गेले आहेत. दिवाळीच्या मागेपुढे होईल. आधीची दोन्ही गेली तेव्हा माती द्यायला तूच उभी होतीस, तेव्हा घरात काय चाललं असेल ते तुला सांगायला नको. सगुणा एक टोपडं शिवायला तयार नाही. सासूबाई आल्या आहेत. बाप्तिस्मा घेऊन त्यांची उमर गेली, पण काल मला म्हणतात, "जावईबापू, या खेपेला मोठं नाव नगं. दगडू ठिवा, न्हाई तं उकिरडा. दगडाला कोन उचलून नेऊन राह्यलं?" मी खेकसलो त्यांच्यावर. पण मग दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

माझं मागणं एकच. तुमच्या बोर्डिंगच्या मिसबाईंच्या कपाटात शास्त्रातल्या हिब्रू नावांचे अर्थ सांगणारा जाडा कोश आहे. त्यातून चांगल्या अर्थाची नावं उतरवून पाठव. राखणारा, वाचवणारा, बळ देणारा असे अर्थ निघतील ती. जरा जास्त पाठव.

इथली एक गंमत सांगतो. रस्त्यापलीकडे बद्रीनाथ म्हणून कुणबी आहेत, जमीन चांगली आहे. त्यांच्या नंदाबाईची तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथा मुलगा झाला तेव्हा ती सगुणाकडे येऊन म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमच्या देवाचं एखादं नाव द्या याला. आमची नावं समदी वर गेली." मी एलियेजर हे नाव दिलं. देव माझा साहाय्यकर्ता. दृष्ट लागेल, मोठ्यानं नको म्हणाली, म्हणून पोराच्या कानात सांगितलं. घरी ते त्याला बाळ्याच म्हणतात. पोरानं असं बाळसं धरलंय की बघत राहावं.

तुझा,
मीखा

---

जालना, ता. १७ ऑगस्ट १९३४

भुजंगा,

बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेब म्हणाले, साप-बीप नाव चालायचं नाही, म्हणून तुझा मीखा झाला. पण माझ्या तोंडात अजून जुनंच बसलंय. आणि माझी कथा ऐक. हुल्दा नावाची संदेष्ट्री होऊन गेली, राजाची माणसं तिचा सल्ला घ्यायला येत, म्हणून मी इतकी वर्षं या बोर्डिंगात मान ताठ करून हिंडले. काल तुझ्यासाठी कोश उघडला तर हुल्दाचा अर्थ निघाला मुंगूस! मुंगसाच्याच जातीचं कुठलंसं बिळातलं जनावर. मिसबाई डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. भुजंगाच्या मागे मुंगूस लावून द्यायचं हे देवानं आधीच ठरवलेलं दिसतं.

नावं घे. शमऱ्या, परमेश्वरानं राखलं. हिज्कीया, परमेश्वर बळ देतो. अजऱ्या म्हणजे परमेश्वरानं साहाय्य केलं, आणि शमुवेल, देवानं ऐकलं, ते तर तुला माहीतच आहे. बाकीची वेगळ्या कागदावर आहेत. पण लेकरू एक आणि नावं एवढी? पंगत बसवतोयस का काय?

कोश उघडाच होता म्हणून आणखी थोडं वाचलं. अब्शालोम म्हणजे शांतीचा बाप, आणि त्यानं बापावरच तलवार उपसली. यहूदा म्हणजे स्तुती. तीस रुपयांना गुरूला विकलं त्या माणसाचं नाव स्तुती होतं, भुजंगा. उलट याबेस म्हणजे दुःख, आईनं वेणा सोसत ठेवलेलं, आणि तोच सगळ्या भावांत नावाजला. आता नाव कोणाला राखतं ते तू मला सांग. तुझ्या स्वतःच्या नावाचाही अर्थ बघितला. मीखा, म्हणजे परमेश्वरासारखा कोण आहे? तो प्रश्न आहे. त्याचं उत्तर द्यायचं नसतं, एवढं लक्षात ठेव.

नंदाबाईचं पोर गुटगुटीत आहे ते तिच्या दुधानं. सगुणाला सांग, टोपडी मी शिवतेय. तिनं शिवू नये, पण घालायला हरकत नाही ना?

तुझी अक्का

---

वाटूर, ता. ३० सप्टेंबर १९३४

प्रिय अक्का,

सलाम. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोनदा हसलो. पण आज हसायला वेळ नाही, कारण इथं जे चाललंय ते बघायला तू हवी होतीस.

बद्रीनाथच्या बाळ्याची गोष्ट रानोमाळ गेली. परवा बाजाराच्या दिवशी शाळेपुढे बैलगाड्या लागल्या होत्या. परतूरकडचे, मंठ्याकडचे लोक. मांडीवर लेकरं. आपापल्या जातीचं अंतर राखून बसलेले, पण बसलेले माझ्या दारात! मी आधी सर्वांना सुवार्ता सांगतो आणि मगच नाव देतो, हे मुद्दाम लिहितो. जे सात वर्षं घसा कोरडा करून झालं नाही ते या नावांनी होऊन राहिलंय. हे दार देवानंच उघडलं असं मला वाटतं.

रीत आपोआप पडत गेली. पुढे पाण्याची वाटी ठेवतात. मी उजव्या कानात नाव सांगतो, तीनदा. ते कोणाला सांगायचं नाही, उघड झालं की उतरतं, असं लोकच म्हणतात. मी तसं म्हणालेलो नाही. खोडूनही काढलं नाही, कारण शंका घातली तर परत कोण येणार? मी नारळ घेत नाही. दारात ठेवून जातात त्याला माझा इलाज नाही, सासूबाई चटणी करतात. बाजाराच्या आदल्या दिवशी मी उपास धरतो. पाया पडायला वाकतात तेव्हा पाय मागे घेतो. बहुतेक वेळा घेतो.

तुझा कागद संपत आला. एक नाव दोघांना चालत नाही म्हणतात, म्हणून शमऱ्या गेलं, अजऱ्या गेलं. हिज्कीया मात्र मी आमच्यासाठी मागे ठेवलं आहे. रामराव पाटलांच्या नातवासाठी माणूस आला होता तरी दिलं नाही. आणखी नावं जल्दी पाठव.

मीखा

---

जालना, ता. ८ ऑक्टोबर १९३४

मीखा,

आज तुला भुजंग म्हणत नाही यावरून काय ते ओळख.

नावं पाठवणार नाही. कोश मिसबाईंच्या कपाटात ठेवून कुलूप घातलंय. आमच्या चतुराबाई गावोगाव बायांना शास्त्र वाचून दाखवत फिरतात, त्या परवा तुमच्याकडून आल्या. माझ्यापुढे मान खाली घालून बसल्या. मी म्हणाले, काय झालं ते सांगा तरी. म्हणाल्या, "बाई, तिथं लोक त्याला नाववाले बाबा म्हून राह्यले. एक म्हातारी मला इचारती, तुमच्यात बी असाच मंतर असतो का?" नारळ घेत नाहीस आणि चटणी खातोस. सुवार्ता आधी सांगतोस म्हणे! गूळ घ्यायला आलेल्या माणसाला पुडीच्या कागदावर काय छापलंय त्याच्याशी काय करायचंय?

आबा आठवतात का तुला? तू लहान होतास. टेंभुर्णीला आपल्या ओसरीवर अशीच माणसं बसायची, मांडीवर लेकरं घेऊन. म्हसोबा अंगात आला की आबा अंगारा फुंकायचे. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी मोरपिसांचा कुंचा आणि अंगाऱ्याची झोळी विहिरीत टाकली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ते ओसरीवर नुसते येऊन बसायचे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "हुल्दे, अंगारा टाकला ते सोपं गेलं. लोकं पाया पडायचे थांबले, ते लई जड जाऊन राह्यलंय." हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं, कारण तुला ते लागू होईल असं वाटलं नव्हतं.

आपल्या रक्तात ही चव आहे, बाबा. सैतान शेपूट-शिंगं घेऊन येत नाही. तो पाण्याची वाटी पुढे ठेवतो आणि म्हणतो, मास्तर, तुमच्याच हातानं द्या. पुढच्या बाजाराला सगळ्यांसमोर उभा राहा आणि सांग की नावात काही नाही. तुझ्या पाया पडते.

अक्का

---

वाटूर, ता. २० ऑक्टोबर १९३४

हुल्दाअक्कास सलाम.

तुझं पत्र पोचलं. आबांच्या तोंडी म्हसोबा होता, माझ्या तोंडी शास्त्रातली नावं आहेत. या दोहोंत तुला फरक दिसत नसेल तर माझा इलाज नाही.

तू जालन्यात राहतेस. तुला मिसबाईंच्या टेबलाशी चहा मिळतो. इथं बद्रीनाथची आई गोजरबाई, मी दारावरून गेलो की उंबऱ्यावर पाणी शिंपायची. माझ्या डोळ्यांसमोर, अक्का, मुद्दाम मी वळेपर्यंत थांबून. तीच गोजरबाई आता ओट्यावर घोंगडी अंथरते आणि म्हणते, "बसा मास्तर." सात वर्षांत या गावात मला कोणी बस म्हणालं नव्हतं. ते सोडून उभा राहू म्हणतेस. कशासाठी? तुझ्या मनाच्या शांतीसाठी?

सगुणा बरी आहे. टोपडी मिळाली. तिनं ती पेटीत ठेवली.

मीखा

---

वाटूर, ता. १८ नोव्हेंबर १९३४

अक्का,

मागच्या पत्राबद्दल आज काही लिहीत नाही. मुलगा झाला. बुधवारी. सगुणा ठीक आहे, लेकरू लहान आहे पण रडतं चांगलं.

हिज्कीया नाव तयारच होतं. सासूबाईंना बाहेर पाठवलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं, तर शब्दच फुटेना. परक्यांच्या लेकरांच्या कानात जे मी दर बाजाराला धडाधड सांगतो ते माझ्या पोराच्या कानात सांगवेना. मनात आलं, नाव दिलं आणि हाही गेला, तर? आणि खरं लिहितो, आधी हे आलं की मग लोक काय म्हणतील. लेकराचा विचार त्याच्या मागून आला. मी उठून शाळेत जाऊन बसलो. तेव्हापासून घरात ते नुसतं बाळ आहे. सगुणा माझ्याकडे बघते आणि दुसरीकडे बघते.

मला अन्न गोड लागत नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जायचं कळत नाही. तू रागावलेली असलीस तरी चार ओळी लिही.

मीखा

ता. क. बद्रीनाथच्या बाळ्याला खोकला झालाय. दोन दिवस छाती उडतेय म्हणतात. गोजरबाई म्हणाली, काळजी न्हाई, नाव हाये. मीही तसंच म्हणालो. प्रार्थना कर.

---

जालना, ता. २१ नोव्हेंबर १९३४

भुजंगा, छाती उडतेय हे तू ता. क. मध्ये लिहितोस?

पत्र घेऊन मी धावत मिशनच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, फुप्फुसाला सूज आली असणार, गावाकडे ज्याला डबा म्हणतात तेच, आणि लेकरू ताबडतोब इथं यायला हवं. पोटावर तापल्या लोखंडाचा डाग देऊ देऊ नको. टपालावर भरवसा नाही म्हणून आपला पुंजाराम शिपाई परतूरच्या गाडीनं निघालाय, त्याच्या हाती ही चिठ्ठी देते.

पोराला नाव आहे म्हणून त्यांनी दवाखाना केला नाही. ते नाव तू दिलंस. आता तूच जाऊन ते काढून घे, कसं ते मला माहीत नाही. माझ्याशी नंतर भांड. तुझ्या बाळाचं तोंड बघायला मी येणारच आहे, पण आधी नंदाबाईचं पोर घेऊन ये.

अक्का

---

वाटूर, ता. ९ डिसेंबर १९३४

प्रिय अक्का,

दवाखान्याच्या व्हरांड्यात आपण बाकावर शेजारी बसलो होतो, तू मला दोन घास खायला लावलेस, तरी जे बोलता आलं नाही ते आता लिहितो. बाळ्या वाचला, घरी आला, आईच्या अंगावर पिऊ लागला, हे तुला माहीत आहे. तो दवाखान्यात कसा आला ते तुला कोणी सांगितलेलं नाही.

पुंजाराम आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. चिठ्ठी वाचली आणि तसाच बद्रीनाथच्या घरी गेलो. लेकराच्या नाकपुड्या फुलत होत्या, ओठ निळे पडले होते. मी म्हणालो, गाडी जुंपा, जालन्याला न्यायचं. बद्रीनाथनं आईकडे बघितलं. गोजरबाई म्हणाली, "दवाखान्यात कशाला? काल आमच्या पाव्हण्यानं डागायचं म्हणलं तं मी त्याला बी हाकललं. मास्तरचं नाव हाये म्हणलं, लोखंड कशाला?" बघ अक्का, डाग टळला तोही माझ्या नावानं, आणि दवाखाना टळत होता तोही माझ्याच नावानं.

मी म्हणालो, नावात काही नाही. सांगून बघितलं, हात जोडले. गोजरबाई हसली. म्हणाली, "देवमानूस परीक्षा पाहून राह्यला. आम्ही डळमळनार न्हाई." खरं बोललो तर तेही माझ्या मोठेपणातच जमा! माझ्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं. मग मी अंगणात मधोमध उभा राहिलो आणि ओरडलो, "एलियेजर! या पोराचं नाव एलियेजर!" रस्त्यावरची माणसं थांबली. मी पुन्हा ओरडलो. नंदाबाईनं लेकराचे कान दाबून धरले आणि अशी किंचाळली की मला ती किंचाळी अजून ऐकू येते. गोजरबाईनं हाताला आलेला तांब्या मला फेकून मारला. कपाळावरची जखम तुला गाडीच्या दाराची म्हणून सांगितली ती ही.

नाव उघडं झालं, उतरलं, पोर उघडं पडलं, म्हणून मग बद्रीनाथनं बैल जुंपले. मला शिव्या देत देत जुंपले. मी गाडीच्या मागच्या टोकाला बसलो, कोणी उतर म्हणालं नाही, बस म्हणालं नाही. परतूरला आगगाडीत नंदाबाई माझ्याकडे पाठ करून बसली.

आता खरी गोष्ट. मी ओरडलो ना, त्या क्षणी मलाही वाटलं, गेलं. राखण गेली. या पोराला मी माझ्या तोंडानं उघडं टाकलं. म्हणजे इतके दिवस मी लोकांना फसवत होतो असंसुद्धा नाही. मीच त्यांच्याहून पक्का त्यात होतो. वरून मिशनचा मास्तर आणि आतून म्हसोबाचा भगत. आबांनी निदान झोळी विहिरीत टाकली. माझी झोळी कुठं आहे तेच मला सापडत नाही, तर टाकू काय?

इथं आता कोणी बोलत नाही. बाजार भरतो आणि उठतो. दार मोकळं आहे. लाज वाटते सांगायला, पण मी दर बाजाराला रस्त्याकडे बघतो.

भुजंग

---

जालना, ता. १६ डिसेंबर १९३४

माझ्या भुजंगा,

तुझं पत्र वाचून मी बोर्डिंगच्या मागं जाऊन पोटभर रडले. मुली विचारू लागल्या तर कांद्याचं कारण सांगितलं. कपाळाला हळद लाव.

आतून तू भगत आहेस का? आहेस. मीही असेन. मला कोणी वाटी पुढे ठेवली नाही म्हणून मी शहाणी. तुला जे सोडायचंय ते विहिरीत टाकण्यासारखं नाही, हे आबांनाही कळलं होतं. ते ओसरीवर येऊन बसायचे आणि उठून जायचे, रोज. मरेपर्यंत बसले आणि मरेपर्यंत उठून गेले. मी त्यांना तेव्हा दुबळे समजत असे. आता तसं म्हणवत नाही.

रस्त्याकडे बघतोस ते बघ. लोक येतील परत, मला त्याचीच धास्ती आहे. आले की मला कळव, लपवू नको. तुझ्या कपाळाच्या जखमेचं खोटंही मला तेव्हाच कळलं होतं. आगगाडीच्या दारानं कपाळावर तांब्याच्या कडेची खूण उठत नाही.

पाद्रीसाहेब जानेवारीत तिकडच्या दौऱ्यावर निघताहेत. तेव्हा बाळाचा बाप्तिस्मा उरकून घ्या. नाव काय ठेवायचं ते मी सुचवणार नाही आणि तूही ठरवू नकोस. नऊ महिने वागवलं ते तू नव्हेस.

अक्का

---

वाटूर, ता. २८ जानेवारी १९३५

प्रिय अक्का,

तू म्हणालीस तसंच झालं. लोक परत आले.

बद्रीनाथनंच बाजारात सांगितलं. म्हणाला, मास्तरनं अंगणात नाव मोडलं, तशी पोराची पीडा मोडली, जालन्याला पोचेस्तोवर निम्मी उतरली होती. डॉक्टरबाईंचं, औषधाचं, तू जागून काढलेल्या रात्रींचं त्यात काही नाही. दुसऱ्या बाजाराला गाड्या हजर. "मास्तर, आमच्या बी पोराचं नाव मोडा." ज्यांना मी नावं दिली होती ते आले, ज्यांना नव्हती दिली तेही आले. एकानं तर धडधाकट बापाला नाव मोडायला आणलं होतं. मला आधी हसू आलं. मग बघितलं, गोजरबाई ओट्यावर घोंगडी अंथरत होती. "चुकलं आमचं, मास्तर. बसा."

मला बसायचं होतं. तुला कळव म्हणालीस म्हणून कळवतो, मला फार बसायचं होतं. मी उभाच राहिलो. एकेकाजवळ जाऊन म्हणालो, तुमच्या पोराचं नाव तुम्ही ठेवा, आजारी असेल तर माझ्याबरोबर परतूरला चला, पुढे जालन्याला दवाखाना आहे. तिघं आले. बाकीचे शिव्या देत गेले. एक बाई गेली नाही. कडेवर तान्ही पोर, म्हणाली, "आम्ही गरीब म्हून आम्हाला न्हाई का?" मी काय सांगितलं ते तिला पटलं नाही. ती रडत गेली. ती पोर आजारी पडली तर हे गाव मला जन्मभर सांगेल की मास्तरनं नाही म्हटलं. देऊन टाकणं किती सोपं होतं, अक्का. गोजरबाईनं घोंगडी झटकून आत नेली. पुढच्या बाजाराला काय होईल मला माहीत नाही, मी माझी खात्री देत नाही.

काल पाद्रीसाहेब आले. बाप्तिस्मा झाला. साहेबांनी पाणी हातात घेतलं आणि विचारलं, मुलाचं नाव? मी सगुणाकडे बघितलं. मी तिला काही विचारलेलं नव्हतं. ती म्हणाली, "आशेर."

सासूबाईंच्या हातातून पदर सुटला. ते आमच्या पहिल्याचं नाव. आशेर म्हणजे सुखी, कोश बघून मीच ठेवलं होतं, आणि ते घेऊन तो आठवडाभरात गेला. गेलेल्या लेकराचं नाव जित्या लेकराला द्यायचं नाही हे इथं शेंबडं पोरही सांगेल. साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी पाणी घातलं.

उपासना आटोपल्यावर मी तिला म्हणालो, "सगुणा, जगात तेवढं एकच नाव उरलं होतं का?" ती टोपडं घालत होती त्याला, तुझंच, निळं. पहिल्या दोघांबद्दल ती इतक्या वर्षांत माझ्यापाशी एक अक्षर बोलली नव्हती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही अर्थ पाहून ठिवता. मला काय अर्थ कळतो? त्याला धड हाक बी मारायला मिळाली न्हाई मला. समद्या हाका तोंडातच राह्यल्या होत्या. त्या मी कोनाला मारू?"

मी अजून दर घटकेला जाऊन त्याचा श्वास बघतो. ती बघत नाही. ती चुलीपाशी असली की तिथून, अंगणात असली की अंगणातून, आशेर, ए आशेर, अशी हाक मारत असते. तो अजून वळून बघत नाही. तरी मारते.

तुझा,
भुजंग